सुई मॅडमची, श्वास आपला

आजचा भाग मानेबद्दल. हसू नका, तुम्हीही आत्ता मोबाईलमध्ये मान घालूनच बसला असाल.

मी सॉफ्टवेअरवाला. गेल्या वर्षी मान एवढी आखडली की उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. आधी ऑर्थोपेडिककडे तपासून घेतलं, घाबरण्यासारखं काही नव्हतं. मग ॲक्युपंक्चर सुरू केलं. आठवड्यातून एकदा सुया लावून वीस मिनिटं पडून राहायचं. दोन दिवस बरं वाटायचं, तिसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडला की जैसे थे.

पाचव्या वेळी मॅडम म्हणाल्या, "आठवड्यात दहा हजार मिनिटं असतात. त्यातली वीस माझी. बाकीची कोणाची?"

खरं सांगू? राग आला. पैसे मी देतोय, तर बरं त्यांनी करायला नको का?

त्यांनी चिगाँग शिकवायला घेतलं. सावकाश हालचाल, श्वास आणि लक्ष, तिन्ही एकत्र. चीनमध्ये सराव जुनाच, पण १९५०च्या दशकात थांगशान आणि बेइदाइहे इथे त्यासाठी खास आरोग्यकेंद्रं निघाली. आणि गंमत बघा, १९५०च्याच दशकात चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकून ते भारतात आणणारे डॉ. बिजॉय बसू, हे १९३८ साली आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांसोबत चीनला गेलेल्या पथकात होते!

आता आमचं सेशन असं चालतं. सुया असताना अजिबात हलायचं नाही, फक्त पोटाने संथ श्वास. सुया काढल्यावर उभं राहून 'बादुआनजिन'च्या आठ प्रकारांपैकी दोन करायचे. पहिला: दोन्ही तळवे आकाशाकडे ढकलायचे. चौथा: खांदे सैल सोडून मान हळूहळू वळवत मागे बघायचं. हेच घरी रोज दहा मिनिटं.

मान शंभर टक्के बरी झाली असं नाही म्हणणार. पण सेशन आता महिन्यातून एकदाच लागतं. सुयांमुळे, चिगाँगमुळे की मॉनिटर उंच केल्यामुळे? तिन्ही बदल एकदम केले, त्यामुळे बग नेमका कशाने गेला ते सांगता येत नाही.

एक मात्र बदललं. आधी दुखलं की अपॉइंटमेंटची वाट बघायचो. आता खुर्चीतून उठतो.

मुंग्या येत असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा, चालू गोळ्या मनाने बंद करू नका. आणि हा भाग संपला की फोन ठेवा, उभे राहा, मागे वळून बघा.

भेटू पुढच्या भागात!