हिंदी बचाव आणि हौशी खेळाडू



पुण्याच्या मार्केट यार्डांत सकाळचे सौदे आटोपले आहेत, हातगाड्या थांबल्या आहेत, आणि एका भुसार गाळ्याच्या ओट्यावर बुद्धिबळाचा पट मांडला आहे, असें चित्र डोळ्यांपुढें आणावें. पांढऱ्या बाजूस एक हौशी आडत्या बसला आहे. तो वजिरापुढचें प्यादें दोन घरें सरकवितो. प्रतिपक्षी मात्र मध्यभागाकडे ढुंकूनहि पाहात नाहीं. तो राजाच्या बाजूचा घोडा काढतो, त्याच बाजूचें घोड्याच्या रांगेंतलें प्यादें एक घर पुढें करून मागें उंट बसवितो आणि किल्लेकोट करून स्वस्थ राहतो. हाच राजपक्षीय हिंदी बचाव.

मध्य मोकळा दिसतांच आडत्यास लोभ सुटतो. एकामागून एक चार प्यादीं तो पुढें रेटतो. पाठीशीं मोहरे नसतात. विरुद्ध प्यादें आदळतांच ती भिंत ढासळते, आणि लांब कर्णावरचा तो उंट सारा पट झोडपूं लागतो. रोज असेंच हरल्यावर त्याचा स्वतःवरील विश्वास डळमळतो.

या बचावाचें मूळ आपल्याच देशांत आहे. जुन्या देशी खेळांत प्याद्यास पहिल्या खेळींतहि एकच घर चालतां येई. त्यामुळें उंट असा कडेनें काढण्याची रीत येथील खेळाडूंच्या अंगवळणीं पडली होती. कलकत्त्यास महेशचंद्र बॅनर्जी यांनीं जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टराशीं १८५५ च्या सुमारास असे डाव खेळले. पुढें १९५३ सालीं झ्यूरिकच्या आव्हानवीर स्पर्धेंत जगांतल्या श्रेष्ठ खेळाडूंनीं हाच बचाव पुनःपुन्हा योजिला.

मग हौशी खेळाडूनें काय करावें? पानेंच्या पानें पाठ करण्याची गरज नाहीं. मध्यभागीं तीन प्यादीं पुरेत. चवथ्याचा मोह टाळावा. राजाच्या बाजूचा घोडा आणि उंट आधीं काढून किल्लेकोटाची वाट मोकळी करावी.

खरी कसोटी काळा राजापुढचें प्यादें दोन घरें टाकतो तेव्हां लागते. तेथें निर्णय हवा. वजिरापुढचें प्यादें पुढें ढकललें, तर मध्य बंद होतो. मग पांढऱ्यानें वजिराच्या बाजूस चाल करावी, कारण काळा राजाच्या बाजूनें येणारच. ही शर्यत आहे. जो घुटमळला तो बुडाला.

शर्यतीचें भय वाटत असेल, तर प्याद्यांची व वजिरांची अदलाबदल करावी. मात्र त्यानंतर समोरचें राजाचें प्यादें फुकट आहे असें समजून घोड्यानें मारूं नये. काळा घोडा लगेच पांढऱ्याचें राजाचें प्यादें मारतो, तो हटतांच उंटाचा कर्ण मोकळा होतो, आणि मिळविलेलें परत जातें. त्यापेक्षां वजिराच्या बाजूचा उंट पुढें आणून काळ्या घोड्यास त्याच्या मागच्या हत्तीसाठीं जखडावें.

कोठारांत मावेल तेवढाच माल आडत्या भरतो. भाव पडलेला पाहून सारा बाजार विकत घेत नाहीं. तराजूपाशीं जो शहाणपणा त्याला रोज सुचतो, तोच त्यानें ओट्यावरच्या पटापाशीं आणावा. जें घर राखतां येईल, तेंच आपलें. एवढें उमगलें कीं हिंदी बचावाचा धाक उरत नाहीं, आणि डाव हरला तरी पट मोडून उठावेंसें वाटत नाहीं.