पहिली लेन्स कोणती घ्यावी?

छायाचित्रणाचा छंद हा एके काळी श्रीमंतांचा छंद मानला जाई. आता प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्येच कॅमेरा येऊन बसल्यामुळे तो सर्वांचा झाला आहे. परंतु फोनवर समाधान न मानता जो पुढे जाऊ पाहतो, त्याच्यापुढे आजही एक महागडा प्रश्न उभा राहतो. पै-पै साठवून तो पहिला फुल-फ्रेम कॅमेरा घ्यावयास निघतो, आणि दुकानात गेल्यावर त्याच्या ध्यानात येते, की कॅमेऱ्याइतकीच, क्वचित त्याहूनही अधिक रक्कम लेन्ससाठी मोजावी लागणार आहे. दोन-तीन लेन्स घेण्याची ऐपत नसते. घ्यावयाची ती एकच, आणि तिने घरातील बारशापासून गोवळकोंड्याच्या तटबंदीपर्यंत सर्व काही टिपावे, अशी अपेक्षा असते. अशी सर्वोपयोगी लेन्स निवडावी तरी कशी, याचा विचार आज आपण करू.

प्रथम फुल-फ्रेम म्हणजे काय ते पाहू. जर्मनीतील वेट्झलर गावच्या लाइट्झ कारखान्यात ऑस्कर बार्नाक नावाचा एक यंत्रज्ञ होता. सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म आडवी फिरवून आणि चित्रपटाच्या दोन चौकटींची एक चौकट करून त्याने एक लहानसा कॅमेरा तयार केला. हाच लायका. १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत तो लोकांपुढे आला. त्याची चौकट ३६ मिलिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर उंच होती. फिल्म गेली, तिच्या जागी विद्युत्-संवेदक आला, तरी चौकटीचे हे माप टिकून राहिले. आणि त्यालाच आपण फुल-फ्रेम म्हणतो. या चौकटीचा कर्ण सुमारे ४३ मिलिमीटरचा भरतो. लेन्सचे नाभीय अंतर या कर्णाच्या आसपास असले, की चित्र ना फार पसरट, ना फार जवळ ओढलेले, असे स्वाभाविक दिसते. म्हणूनच लायकावर ५० मिलिमीटरची लेन्स बसविली गेली, आणि तीच पुढे ‘सामान्य लेन्स’ ठरली.

पन्नासच्या या लेन्सचे माहात्म्य मोठे आहे. आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने आपले बहुतेक काम तिच्यावरच केले. १९४८ च्या जानेवारीत गांधीजींची अखेरची छायाचित्रे घेणाऱ्यांत तो होता. त्याचे उदाहरण देऊन नवशिक्याला हमखास सांगितले जाते, की पन्नासची घे आणि पायांनी पुढे-मागे हो. सल्ला उत्तम आहे. मात्र त्यात मागे सरकावयास जागा आहे, असे गृहीत धरलेले असते.

आणि जागा हाच तर आमच्या वस्तीतला प्रश्न! चिक्कडपल्लीच्या किंवा शेजारच्या काचीगुड्याच्या एखाद्या जुन्या गल्लीतील घर डोळ्यांपुढे आणा. खोली दहा बाय दहाची. आजींचा पंचाहत्तरावा वाढदिवस आहे, आणि सारे कुटुंब एका भिंतीशी दाटीवाटीने बसले आहे. छायाचित्रकाराची पाठ समोरच्या भिंतीला टेकलेली आहे. मधले अंतर जेमतेम अडीच मीटर. आता एक साधे गणित करा. अंतराला ३६ ने गुणावे आणि लेन्सच्या मिलिमीटरांनी भागावे. जे उत्तर येईल, तेवढी रुंदी चित्रात मावते. पन्नासच्या लेन्सने १.८ मीटर रुंदी मावेल, म्हणजे आजी आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस. पस्तीसच्या लेन्सने सुमारे २.६ मीटर. चोवीसच्या लेन्सने ३.७५ मीटर, म्हणजे सारी भिंत आणि वर दाराची चौकटसुद्धा. गणित इतके सोपे आहे, की दुकानात जाण्यापूर्वी घरातील मोजपट्टी घेऊन कोणालाही ते करता येईल. आणि माझ्या मते ते केल्यावाचून कोणी दुकानाची पायरी चढूच नये.

हेच गणित उलट दिशेने करून पाहा. चिक्कडपल्लीत त्यागराय गान सभेच्या सभागृहात गाण्याची बैठक आहे. तुम्ही रंगमंचापासून दहा मीटरवर बसला आहात, आणि मध्येच उठून पुढे जाणे हे गायकाचाही अपमान करण्यासारखे आहे. येथे पन्नासची लेन्स ७.२ मीटर रुंदी दाखवील. गायक त्यात एवढासा दिसेल. १०५ मिलिमीटरची लेन्स सुमारे ३.४ मीटर दाखवील, म्हणजे गायक आणि त्याचे दोन साथीदार नेमके चौकटीत बसतील. तात्पर्य, खोलीत मागे सरकता येत नाही आणि सभागृहात पुढे जाता येत नाही. पायांनी हलण्याचा उपदेश दोन्हीकडे लंगडा पडतो, आणि म्हणूनच नाभीय अंतर बदलू शकणारी झूम लेन्स आपल्यासारख्यांच्या उपयोगाची ठरते.

झूमविषयी जुन्या जाणकारांच्या मनात अढी असते, आणि ती निष्कारण निर्माण झालेली नाही. ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यासाठी पहिली झूम लेन्स, फोइग्टलेंडरची झूमार, १९५९ साली आली. तिची मर्यादा ३६ ते ८२ मिलिमीटर एवढी होती. त्या काळातील आणि नंतरच्याही कित्येक झूम लेन्सच्या चित्रांत कडा मऊ पडत, सरळ रेषा वाकत. आज भिंगांची रचना आणि संगणकाने होणारी दुरुस्ती इतकी पुढे गेली आहे, की भिंतीवर टांगण्याच्या मोठ्या चित्रातही चांगल्या झूमचा दोष शोधावा लागतो.

आता दुसरा मुद्दा प्रकाशाचा. लेन्सवर एफ/१.८, एफ/२.८, एफ/४ असे आकडे असतात. आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे आणि प्रकाश अधिक. एफ/२.८ ही एफ/४ च्या दुप्पट प्रकाश घेते, एफ/१.८ जवळजवळ पाचपट घेते. सभागृहात एफ/४ वर सेकंदाचा पन्नासावा भाग लागत असेल, तर एफ/१.८ वर अडीचशेवा भाग पुरेल. पन्नासाव्या भागात तबलजीची बोटे धूसर होतील, अडीचशेव्या भागात ती बरीच स्पष्ट उमटतील. लेन्समधील किंवा कॅमेऱ्यातील स्थिरीकरणाची योजना तुमच्या हाताचा कंप सावरते, तबलजीची बोटे थांबवीत नाही, हे विक्रेता सांगो वा न सांगो, आपण लक्षात ठेवावे.

परंतु या आकड्यांनी घाबरून जाऊन लगेच एफ/२.८ च्या महागड्या झूमकडे धाव घेण्याचे कारण नाही. तुमचा आधीचा कॅमेरा लहान चौकटीचा असेल, तर नव्या चौकटीचे क्षेत्रफळ त्याच्या सव्वादोनपट आहे. म्हणून त्याच छिद्रावर आणि त्याच वेगावर ती तितका अधिक प्रकाश गोळा करते. लहान कॅमेऱ्यावर एफ/२.८ ने जे साधत होते, ते येथे एफ/४ ने साधते. फुल-फ्रेमसाठी जो जादा पैसा मोजला, त्याचे खरे फळ हेच आहे.

ज्याचा उदरनिर्वाहच लग्नसमारंभांच्या छायाचित्रणावर चालतो, त्याची गोष्ट मात्र वेगळी. मंगल कार्यालयाच्या अर्धवट उजेडात अंतरपाट दूर होण्याचा क्षण पुन्हा येत नाही, आणि तो चुकला तर गिऱ्हाईक क्षमा करीत नाही. त्याने २४ ते ७० मिलिमीटरची एफ/२.८ झूम घ्यावी. तिची किंमत तो मिळकतीतून वसूल करील. हौशी माणसाने त्याची बरोबरी करू नये.

तिसरा मुद्दा वजनाचा. दुकानात पाच मिनिटे हाती धरलेली लेन्स हलकीच वाटते. कॅननची २४ ते १०५ मिलिमीटरची एफ/४ लेन्स ७०० ग्रॅमची आहे, निकॉनची २४ ते १२० ची ६३० ग्रॅमची, सोनीची २४ ते १०५ ची ६६३ ग्रॅमची. कॅननची एफ/१.८ ची साधी पन्नासची लेन्स अवघी १६० ग्रॅमची. कॅमेऱ्यासह सव्वा-दीड किलोचे ओझे गळ्यात घालून कुतुबशाही घुमटांच्या आवारात दुपारभर हिंडता येईल काय, हा प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारावा. जी लेन्स जड म्हणून कपाटात राहते, ती कितीही सर्वगुणसंपन्न असली तरी सर्वोपयोगी नव्हे.

माणसांच्या चेहऱ्यांविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. चोवीसच्या लेन्सने काढलेल्या चेहऱ्याचे नाक फुगलेले दिसते, आणि दोष लेन्सला दिला जातो. वास्तविक दोष अंतराचा असतो. चौकट भरण्यासाठी आपण हातभर अंतरावर जातो, आणि तेथून नाक कानांच्या मानाने फारच जवळ येते. दीड-दोन मीटर दूर राहून ८५ ते १०५ मिलिमीटरची लेन्स वापरली, की चेहरा आपल्याला ओळखीचा असतो तसाच उमटतो. ज्या घरात वडीलधारी माणसे आहेत, त्या घरातील छायाचित्रकाराला हे टोक हाताशी असणे अगत्याचे आहे. तसे एखादे चित्र काढावयाचे राहून गेले, तर पुढे कोणतीही लेन्स ते मिळवून देऊ शकत नाही.

याच शहराने एक थोर छायाचित्रकार पाहिला आहे. राजा दीनदयाळ यांनी इंदूर सोडून येथे आल्यावर सहाव्या निजामांच्या आश्रयाने हैदराबादचे वाडे, दरबार आणि माणसे काचेच्या मोठ्या प्लेटांवर उतरविली. त्या काळी प्लेटवर कागद ठेवून छाप काढीत, त्यामुळे चित्र प्लेटएवढेच होई. मागाहून कापून मोठे करण्याची आजची सोय नव्हती. काय घ्यावयाचे आणि कोठे उभे राहावयाचे, हे तिपाई रोवण्यापूर्वीच ठरवावे लागे. त्यांच्या चित्रांतील सौष्ठवाचे मूळ या आधी केलेल्या विचारात आहे. झूम आली म्हणून हा विचार सोडून द्यावयाचा नसतो.

मग निवडीचा मार्ग कोणता? ज्याच्याजवळ जुना कॅमेरा आहे, त्याने वर्षभरातील आपली आवडती शंभर चित्रे काढून पाहावीत. प्रत्येक चित्राबरोबर लेन्सचे मिलिमीटर नोंदलेले असतात. जुनी चौकट लहान असेल, तर बहुतेक कॅमेऱ्यांच्या बाबतीत त्या आकड्याची दीडपट करावी. १८ चे २७ होतात, ५५ चे सुमारे ८२. ज्याच्याजवळ केवळ फोन आहे, त्याने हे जाणावे, की बहुतेक फोनचा मुख्य कॅमेरा फुल-फ्रेमच्या २४ ते २६ मिलिमीटरइतके रुंद दाखवितो. त्या सवयीच्या माणसाला पन्नासची लेन्स पहिल्या दिवशी खिडकीच्या फटीतून पाहिल्यासारखी वाटेल. शक्य असल्यास लेन्स दोन दिवस भाड्याने आणावी आणि घरातील खोली, रात्रीचा रस्ता व एखादा चेहरा या तिन्ही ठिकाणी तिची परीक्षा घ्यावी.

विकत घेताना आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या. लहान चौकटीसाठी केलेली जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसली, तरी ती मधलाच भाग वापरते. २४ मेगापिक्सेलचे चित्र दहा-साडेदहांवर येते. आणि जुनी लेन्स घेताना तिच्यातून विजेरीचा प्रकाश आरपार पाडून पाहावा. पावसाळ्याच्या दमटपणात भिंगांवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढते. ती दिसली, तर किंमत कितीही कमी असली तरी लेन्स परत द्यावी.

माझे मत विचाराल, तर हौशी गृहस्थाने २४ ते १०५ किंवा २४ ते १२० मिलिमीटरची एफ/४ झूम ही पहिली लेन्स म्हणून घ्यावी. खोलीची भिंत, आजीचा चेहरा, सभागृहातील गायक आणि गोवळकोंड्याचा तट ही चारही कामे ती करील. ऐपत तेवढी नसेल आणि चित्रे मुख्यतः घरातील असतील, तर ३५ किंवा ४० मिलिमीटरची एकच हलकी लेन्स घेऊन निःसंकोच सुरुवात करावी. झूम घेऊन वर्ष लोटल्यावर दिवेलागणीनंतरचीच चित्रे अधिक बिघडतात असे आढळले, तर एफ/१.८ ची पन्नासची जोडीला आणावी. तोवर दुसऱ्या लेन्सचा मोह आवरावा.

आणि जो पैसा असा वाचेल, त्यातून दरवर्षी निवडक वीस-पंचवीस चित्रे चांगल्या कागदावर छापून घ्यावीत, मागे पेन्सिलीने नावे व तारीख लिहावी. ट्रंकेतील आजोबांचे छायाचित्र आपल्याला पाहावयास मिळाले, ते कोणीतरी कागदावर उतरविले होते म्हणून. आपल्या नातवंडांनाही ते सुख मिळाले पाहिजे.