कान आणि यंत्र

1959 साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली आणि तिच्याभोवती नाना प्रांतांतील माणसांची वसाहत उभी राहिली. त्या वसाहतीतला एखादा श्रवणरसिक पाळी आटोपून डिजिटल यंत्रापुढे बसतो. मानवी कानाची मर्यादा सेकंदाला सुमारे 20,000 कंपनांची. प्रत्येक कंपनास दोनांहून किंचित अधिक नमुने पुरतात. 1982 साली आलेल्या सीडीत ते 44,100 आहेत. म्हणजे कानाची सोय तेव्हाच झाली! तरीही पगारातली शिल्लक 1,92,000 नमुन्यांच्या नव्या यंत्रावर खर्ची पडते आणि डोक्यावरचा पंखा घरघरतच राहतो. त्यापेक्षा भिंतीवर जाड पडदा लावावा, पंखा घटकाभर थांबवावा आणि घरच्या माणसांनाही शेजारी बसवावे. यंत्र पुष्कळ सुधारले. आता ऐकणाऱ्याला स्वस्थता हवी.