ट्रेनर होण्यात काय आहे?



आपण लकडगंजात वाढलो तेव्हा लाकडाची टाल किंवा दुकान असेल त्या घरात धंदा, बाकीच्यांकडे डॉक्टर-इंजिनीअर, हे ठरलेलंच असायचं. मीही इंजिनीअर झाले. आता आपली मुलं विचारतात, “आई, मी पर्सनल ट्रेनर झालो तर?” आज त्याबद्दलच बोलते.

मी लिहिलेला प्रोग्रॅम कोण वापरतं, मला दिसत नाही. ट्रेनरला समोर दिसतं. कठडा धरून जिना चढणारी बाई काही महिन्यांनी भाजीची पिशवी घेऊन चढते. भांडवल कमी लागतं, कुणाच्या घरी किंवा बागेतही शिकवता येतं. शिकवता शिकवता स्वतःचं शरीरही धड राहतं. कामाचा तुटवडा नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. इथे किती जण करतात, हात वर करायला लावत नाही!

उणी बाजूही आहे. पहाट आणि संध्याकाळ कामातच जाते, सुट्टी घेतली की कमाई थांबते. चुकीचा व्यायाम सांगितला तर समोरच्याला दुखापत होते, म्हणून शिक्षण पक्कं हवं. त्यासाठी फार लांब जायला नको. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्यांच्या चमूनं आपले देशी खेळ तिथं दाखवले. शारीरिक शिक्षणाची पदवी तिथं घेता येते.

तेव्हा घरी कुणी हा प्रश्न काढला, तर विषय मिटवू नका. “कुठे शिकणार?” एवढं विचारा.