सीमेपलीकडची पेढी



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने एका बँकेच्या शाखाविस्तारावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे, त्यांना ते वाटले नसते. सरळव्याजाचे उदाहरण घालताना कर्ज काढणारा कोण आणि त्याने ते कशासाठी काढले, हे ते आम्हांस आधी विचारीत, आकडेमोड मागाहून.

बँक ऑफ महाराष्ट्रची नोंदणी १६ सप्टेंबर १९३५ रोजी पुण्यास झाली. अधिकृत भांडवल १० लाख रुपये. संस्थापकांत फर्ग्युसन महाविद्यालयाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक वा. गो. काळे आणि डी. के. साठे हे होते. ८ फेब्रुवारी १९३६ रोजी व्यवहार सुरू झाले. पुढे बँक महाराष्ट्राबाहेर पडली, ती अशी : १९४६ साली हुबळी, १९४९ साली हैदराबाद, १९६३ साली पणजी आणि १९६६ साली इंदूर व बडोदे. (हुबळी १९४६ साली मुंबई इलाख्यातच होती. परराज्य नंतर झाले; पेढी मात्र जागची हलली नाही.)

या गावांकडे जरा निरखून पाहावे. हैदराबाद ही निजामाची राजधानी, आणि निजामाच्या राज्यातच आपला मराठवाडा. ते संस्थान सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात सामील झाले आणि पुढच्याच वर्षी बँक तेथे पोहोचली. गोवा डिसेंबर १९६१ मध्ये मुक्त झाला. त्यानंतर दोन वर्षांच्या आत पणजीची शाखा. इंदूर होळकरांचे, बडोदे गायकवाडांचे. बँक जेथे गेली तेथे मराठी माणूस तिच्या आधी पोहोचलेला होता. याला विस्तार म्हणण्यापेक्षा मी पाठराखण म्हणेन.

आपले भोपाळ यांत बसत नाही. ही नवाबांची राजधानी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले, राजधानी येथे आली आणि नागपूरच्या सचिवालयातील कारकून दप्तरांच्या गठ्ठ्यांसह येथे आले. माझे वडील त्यांत होते. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो.

वडील अकाली गेले. त्यांची शिल्लक येथल्याच एका बँकेत होती. आमच्या आडनावात ‘ळ’ आहे. खात्यावर तो ‘ल’ झाला होता आणि मृत्यूच्या दाखल्यावर ‘ळ’. ही दोन माणसे एकच, हे सिद्ध होईपर्यंत आईला पाच महिने पैसे मिळाले नाहीत. घरभाडे उसनवारीवर भरले. अखेर गुरुजींनी शाळेचे प्रवेशपुस्तक काढले, माझ्या नावापुढील वडिलांच्या नावाची नक्कल केली, शाळेचा शिक्का मारला आणि स्वतः आईबरोबर बँकेत गेले. लिपिक दुष्ट नव्हता. त्याच्या वर्णमालेत ते अक्षरच नव्हते.

ज्या बँकेच्या संस्थापकांतच एक ‘काळे’, तेथे हा ‘ळ’ अडला नसता, असे मी पुष्कळ वर्षे मानीत आलो. आता तितकी खात्री वाटत नाही. १९ जुलै १९६९ रोजी ज्या १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले त्यांत हीही होती. ‘आपली बँक सरकारने नेली’ असा विषाद आपल्या मंडळींत मी ऐकला आहे. मला तो पटत नाही. माळव्यातला शेतकरी कर्जासाठी इंदुरास येतो तेव्हा त्याचेही नाव कोणी तरी नीट ऐकून लिहावे लागते, आणि आपण मराठी माणसे परक्यांची नावे फार शुद्ध लिहितो असा माझा अनुभव नाही. ‘महाराष्ट्र’ हे नाव पाटीवर घेऊन दुसऱ्या प्रांतात बसणाऱ्या पेढीकडून हे दुप्पट अपेक्षित आहे.

आईचे त्यापुढचे पासबुक माझ्यापाशी आहे. त्यावर लिपिकाने नाव पुन्हा ‘ल’नेच लिहिले. खाली आईची सही आहे, आणि तिने ‘ळ’ इतका मोठा काढला आहे की तो रकान्याबाहेर गेला आहे.