रामशेजच्या तोफा आणि दारूचे माप
(केंद्रसंमेलनात प्राथमिक शिक्षकांपुढे झालेले भाषण)



नाशिकच्या उत्तरेस दिंडोरी तालुक्यात रामशेजचा किल्ला आहे. 1682 साली औरंगजेबाचा सरदार शहाबुद्दीन खान याने त्यास वेढा घातला. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या. तेव्हा मावळ्यांनी झाडांची खोडे पोखरून व त्यांस चामडे लावून तोफा तयार केल्या, असे मुघल इतिहासकार खाफीखान लिहितो. गड अनेक वर्षे झुंजला. ही कथा वर्गात सांगितली की मुलांचे डोळे चमकतात. तथापि तिच्यातील शास्त्र बहुधा सांगावयाचे राहून जाते. ते म्हणजे दारूचे माप.

शोरा, कोळसा व गंधक यांची दारू पेटली की क्षणात पुष्कळ वायू निर्माण होतो. त्याचा दाब गोळ्यास पुढे ढकलतो, तसाच नळीच्या भिंतींसही बाहेर रेटतो. भिंतीस तो सोसला तर गोळा सुटतो, न सोसला तर तोफच फुटते. म्हणून लाकडी तोफेत दारू बेतानेच भरावी लागे. स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स 1460 साली स्वतःच्याच फुटलेल्या तोफेजवळ मरण पावला. दारू दुप्पट केल्याने गोळ्याचा वेग दुप्पट होत नाही, हेही बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाच्या 1742 सालच्या ग्रंथानंतर मोजून दाखविता येऊ लागले.

आता दिवाळीतील किल्ल्याकडे वळू. मुले मातीचा किल्ला करतात, बुरुजावर छोटी तोफ ठेवतात आणि एखादा धाडसी विद्यार्थी फुसके फटाके सोलून त्यांतील दारू तिच्या नळीत ठासतो. ‘तोफ दहापट लहान, म्हणून दारूही दहापट कमी,’ असा त्याचा हिशेब असतो. हा हिशेब घातक आहे. दारूचे माप गोळ्याच्या वजनावर ठरत असे. 10 सेंटिमीटर व्यासाचा लोखंडी गोळा सुमारे 4 किलोग्रॅम भरतो, तर 1 सेंटिमीटर व्यासाचा अवघा 4 ग्रॅम. व्यास दहापट घटला की वजन हजारपट घटते. म्हणजे त्या मुलाची दारू योग्य मापाच्या शंभरपट झाली!

गणिताच्या पेटीतील हजाराचा ठोकळा व एककाचा ठोकळा शेजारी ठेवले म्हणजे ही गोष्ट चौथीच्या मुलासही पटते. लांबी दहापट, पृष्ठाचे क्षेत्रफळ शंभरपट, घनफळ हजारपट. एवढे फळ्यावर मांडावे.

मग हजारावा भाग भरला तर चालेल काय, असे एखादा चाणाक्ष मुलगा विचारील. त्यास स्पष्ट ‘नाही’ म्हणावे व कारणही द्यावे. दारूचा दाणा बारीक असेल तर ती अधिक वेगाने जळते. पुष्कळ आवाजी फटाक्यांत तर ॲल्युमिनियमची भुकटी असलेले, काळ्या दारूहून कितीतरी उग्र मिश्रण असते. गोळा व दारू यांत पोकळी राहिली, किंवा नळीत ठिणगी उरली, तरी अपघात होतो. घरच्या नळीची ताकद कोणी पारखलेली नसते. शिवाय परवान्यावाचून दारू तयार करणे हा 1884 च्या स्फोटक द्रव्यांच्या कायद्यान्वये गुन्हा आहे. 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात ‘कार्बाइड गन’ या घरगुती तोफेने अनेक मुलांच्या डोळ्यांस इजा झाली. तीत दारू नव्हती, वायू होता. परंतु चूक तीच, न मोजलेला दाब.

म्हणून दिवाळीच्या सुटीपूर्वी प्रत्येक शाळेत हा एक पाठ अवश्य घ्यावा. केवळ ‘करू नका’ म्हटल्याने मूल लपून करते. कारण उमगले म्हणजे ते आपणहून थांबते, आणि धाकट्या भावासही थांबविते. मातीच्या किल्ल्यावरील तोफ रिकामीच ठेवावी. रामशेजचा पराक्रम सांगण्यास तेवढी पुरेशी आहे.