अक्षरापूर्वी शब्द : बालसाक्षरता आणि गाव

(गोव्यातील ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी, अंगणवाडी सेविका व वाचनालयांचे कार्यकर्ते यांच्यासमोर केलेले भाषण)



साक्षरतेचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर पहिलीचा वर्ग उभा राहतो. फळा, पाटी आणि समोर गुरुजी किंवा बाई असे ते चित्र असते. परंतु त्या वर्गाचा उंबरठा ओलांडण्यापूर्वीच मुलाच्या आयुष्यातील सुमारे सहा वर्षे उलटून गेलेली असतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने असे नमूद केले आहे की, मेंदूच्या एकूण विकासापैकी ८५ टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहाव्या वर्षापूर्वीच होतो. ही वर्षे मूल घरात, अंगणात आणि गावात घालविते. सबब, साक्षरतेचा पाया घालण्याचे काम एकट्या शाळेवर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार गोव्याचे साक्षरतेचे प्रमाण ८८.७ टक्के होते. हा आकडा आपल्याला भूषणावह आहे. तथापि जनगणनेत हे प्रमाण सात वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींचेच काढले जाते, ही गोष्ट ध्यानात घ्यावी. म्हणजे ज्या वयात साक्षरतेचे बीज पडते, ते वय या हिशेबाच्या बाहेरच राहते. आकड्यात न दिसणाऱ्या या बालकांकडे पाहण्याची जबाबदारी गावावर येते.

आता मुळात साक्षरतेचे बीज म्हणजे काय? पुष्कळ पालकांची समजूत अशी की, मूल तीन वर्षांचे झाले की त्याच्या हाती पाटी द्यावी आणि 'ग म भ न' गिरवून घ्यावे. हेतू चांगला असतो, परंतु क्रम चुकतो. अक्षरापूर्वी शब्द यावा लागतो. ज्या मुलाने 'विहीर' हा शब्द ऐकला आहे, वापरला आहे, विहिरीत वाकून पाहू नये म्हणून बोलणीही खाल्ली आहेत, त्याला पुढे ती तीन अक्षरे ओळखीची वाटतात. ज्याच्या कानावर तो शब्दच पडलेला नाही, तो अक्षरे जुळवील, पण त्याला अर्थ लागणार नाही.

आपली देवनागरी लिपी या बाबतीत मुलाला साहाय्य करणारी आहे. तिचे अक्षर उच्चाराच्या एकेका तुकड्याशी बांधलेले असते. 'कमळ' म्हणताना तीन टाळ्या, 'पाटी' म्हणताना दोन टाळ्या, हा खेळ चार वर्षांचे मूल आनंदाने खेळते. 'पाट' आणि 'पाटी' यांतला फरक कानाने टिपू लागलेले मूल वाचनाच्या दाराशी आलेले असते. फुगडीची गाणी, कोडी, बडबडगीते, आजीच्या गोष्टी यांतून आपले पूर्वज हेच शिक्षण पाटीवाचून देत होते.

हाताचेही तसेच. तीन वर्षांच्या मुलाच्या बोटांचे स्नायू कोवळे असतात. चिंचोके वेचणे, फुले ओवणे, मातीचे गोळे वळणे, रांगोळीची बोट-रेघ ओढणे ही त्या बोटांची खरी पूर्वतयारी होय. बळेबळे पेन्सिल धरावयास लावल्याने अक्षर लवकर येत नाही. नावड मात्र लवकर येते.

येथे भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. आपल्या राज्यातील अनेक मुले घरी कोंकणी बोलतात आणि मराठी शाळेत जातात. घरचे 'उदक' शाळेत 'पाणी' होते. सेविकेने वा शिक्षिकेने घरचा शब्द चुकीचा ठरविला, तर मूल दोन्ही शब्दांना मुकते आणि गप्प बसते. तो शब्द स्वीकारून त्याच्या शेजारी दुसरा शब्द ठेवला, तर मुलाकडे एकाच्या जागी दोन शब्द होतात. दोन्ही भाषांची देवनागरी एकच असल्याने ही संपत्ती पुढे वाचनातही उपयोगी पडते. बांधकामावर आलेल्या कुटुंबातील कन्नड वा हिंदी बोलणाऱ्या बालकालाही हाच न्याय लागू आहे. त्याच्या आईला अंगणवाडीत बोलावून तिच्या भाषेतली गोष्ट सर्वांना ऐकवावी. मूल तिच्याकडे पाहून ताठ बसेल, याविषयी शंका नको.

समाजाने बालशिक्षणाचा भार उचलावा, ही कल्पना आपल्याला परकी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत ते कार्य रुजविले. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हे त्यांचे सूत्र होते. त्यातूनच वस्तीच्या अंगणात भरणारी अंगणवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा जन्मास आली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा 'अंगणवाडी' हाच शब्द देशभर गेला. हा शब्द अंगणातून आला आहे, आणि अंगण हे घराचे असते तसेच गावाचेही असते.

पुस्तकांच्या बाबतीतही असाच एक आदर्श आहे. बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. नंतर १९१० पासून ग्रंथालयांची चळवळ उभारून पेट्यांतून पुस्तके गावोगाव धाडण्याची व्यवस्था केली. शिकलेल्या माणसाला पुस्तक मिळाले नाही तर तो शिकलेले विसरतो, हे त्यांनी ओळखले होते. गोव्याचीही ग्रंथालय-परंपरा जुनी आहे. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचा उगम १८३२ सालचा आहे, आणि १९९३ मध्ये राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदाही केला. उणीव आहे ती पुस्तक बालकाच्या हाती पोहोचविण्याची. कुलूपबंद कपाटातील कोरे करकरीत पुस्तक हे नोंदवहीचे भूषण होय. बालकाने हाताळून ज्याचे कोपरे दुमडले आहेत, त्याच पुस्तकाने आपले काम केले असे समजावे.

यास्तव काही साध्या गोष्टी सुचवितो. त्यांस मोठे अनुदान लागत नाही.

पहिली गोष्ट, प्रत्येक प्रभागात आठवड्यातील एक संध्याकाळ गोष्टीसाठी राखून ठेवावी. देवळाचा मंडप, चॅपेलसमोरची जागा, पंचायतीचे सभागृह, कोणतेही स्थळ चालेल. गोष्ट सांगणारी आजी निरक्षर असली तरी हरकत नाही.

दुसरी, वाचनालयाने पंधरा-वीस चित्रपुस्तकांची एक पिशवी अंगणवाडीस द्यावी आणि महिन्याने बदलावी. पुस्तक फाटले म्हणून सेविकेकडून भरपाई मागू नये.

तिसरी, चित्रपुस्तक कसे दाखवावे हे स्वयंसाहाय्य गटाच्या सभेत मातांना प्रत्यक्ष करून दाखवावे. चित्रावर बोट ठेवावे, 'पुढे काय होईल?' असे विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी. तेच पुस्तक मुलाने दहा वेळा मागितले तर दहा वेळा उघडावे. ज्या मातेला वाचता येत नाही, तिनेही चित्रांवरून गोष्ट रचावी. वडिलांनीही यात मागे राहू नये.

चौथी, विहीर, दुकान, टपालपेटी, आंब्याचे झाड यांवर ठळक देवनागरीत नावे लावावीत, म्हणजे मुलाला रोजच्या वाटेवर अक्षरे भेटतील.

मी प्रसिद्धीच्या क्षेत्रात काम करणारा माणूस. साक्षरतेची भित्तिपत्रके लावणे हे आमच्या कामाचाच भाग आहे. परंतु भित्तिपत्रक ज्याला वाचता येते त्याच्याशीच बोलते. तीन वर्षांच्या बालकाशी बोलण्याचे सामर्थ्य कोणत्याही खात्याच्या पत्रकात नाही. ते आपणा प्रत्येकाच्या वाणीत आहे.

शासनाने २०२१ मध्ये 'निपुण भारत' अभियान हाती घेतले. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलास समजून वाचता यावे, असे त्याचे उद्दिष्ट आहे. ते गाठले जाईल की नाही, याचा निर्णय तिसरीच्या परीक्षेत लागणार नाही. तो आज संध्याकाळी, आपल्या वाड्यावरचे एखादे मूल 'हे काय?' असे विचारील तेव्हा, त्याला मिळणाऱ्या उत्तराने लागेल. ते उत्तर थोडे सविस्तर द्यावे, एवढीच आपणांस विनंती करतो आणि माझे भाषण संपवितो.